बारा जणींत नाव आलं, पण मैदानावर किती मिनिटं?

वाळपईजवळच्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. चार पानांचं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देतो. मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. आधी शाळेच्या फुटबॉल संघात होती. दोन वर्षांपूर्वी पीटीच्या सरांनी तिला रग्बीत ओढलं आणि ती त्यात रमली. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

"सर, गोव्यात मुलींचे मोजून चार-पाच संघ. दर वेळी तीच तोंडं. माझे धाकटे दीर म्हणतात, असल्या लुटूपुटूच्या स्पर्धांतून काय घडणार, पोरीला बाहेर काढा. परराज्यातल्या एका अकादमीनं राहणं-जेवण धरून वर्षाला अडीच लाख सांगितलेत. आमचे हे म्हणतात, दात पाडून घ्यायचे आणि वर पैसे मोजायचे, बंद करा सगळं. आमचं कुळागर आहे, माड-पोफळीची बाग, त्यावर घर चालतं, अडीच लाख म्हणजे चेष्टा नाही. गेल्या वर्षी ती राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला गेली होती. तीन सामने झाले, तिन्ही हरले. आल्यापासून गप्प असते. गावचा पेपर फोटो छापतो, लोक अभिनंदन करतात, ही आत जाऊन बसते. मी काय करू?"

ताई,

उत्तराआधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. त्या राष्ट्रीय स्पर्धेत तुमची लेक मैदानावर किती मिनिटं होती? चार पानांत हरल्याचं आहे, फोटोचं आहे, अडीच लाखांचं आहे, हे मात्र कुठे नाही.

जरा हिशोब करू. सेव्हन्स म्हणजे सात जणींचा खेळ, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, मध्ये जेमतेम पाणी पिण्यापुरती विश्रांती. तीन सामने म्हणजे 42 मिनिटं. संघात बारा जणी. प्रशिक्षकानं अगदी तराजूनं वाटलं तरी एकेकीच्या वाट्याला साडेचोवीस मिनिटं येतात. आणि तराजूनं कोणी वाटत नाही. मोठ्या स्पर्धेत चांगल्या सात जणी खेळत राहतात, उरलेल्या पाच जणी पाण्याच्या बाटल्या धरून उभ्या असतात.

मी स्वतः हे पाप केलेलं आहे. पीटी शिक्षक म्हणून पस्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही रग्बीसोबत. एकदा मुलांचा संघ घेऊन बाहेरगावी गेलो होतो. एका पोराला तिन्ही सामने मी बाहेर बसवलं. दर वेळी वाटायचं, पुढच्या सामन्यात घेऊ. परतल्यावर सगळ्यांनी जर्सी आणून दिल्या, चिखलाच्या, फाटलेल्या, घामानं ताठ झालेल्या. त्याच्या जर्सीची घडी मी दिली तशीच होती. मी ती इतर जर्सींबरोबर धुवायला टाकली, उगाचच. पुढच्या वर्षी तो आला नाही. म्हणून म्हणतो, मुलगी हरली म्हणून गप्प आहे की खेळलीच नाही म्हणून, हे आधी तिला विचारा. हरलेलं मूल दोन दिवस रुसतं आणि तिसऱ्या दिवशी कुणामुळे हरलो ते सांगू लागतं. न खेळलेल्या मुलाकडे सांगायलाच काही नसतं.

आता तुमच्या दिरांचा मुद्दा. "तीच तोंडं." भावोजींना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की त्याच तोंडांत तर सगळा माल आहे.

रग्बीत बॉल हातानं पुढे देता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. त्यामुळे अख्खा खेळ एका छोट्या प्रसंगाभोवती फिरतो: आपण दोघी, समोर बचावाला एक. बॉल जिच्या हातात आहे तिनं समोरचीला स्वतःकडे ओढायचं आणि ती अंगावर येणार त्या क्षणी पास सोडायचा. अर्धा सेकंद आधी सोडला तर बचाववाली पास घेणारीकडे सरकते. अर्धा सेकंद उशीर झाला तर बॉलसकट आडव्या. सरावात हे शंकूंसमोर करतात. प्लॅस्टिकचा शंकू बिचारा जागचा हलत नाही, तो डोळ्यांत बघून फसवत नाही, त्याला रागही येत नाही. हा अर्धा सेकंद कळतो तो दमलेल्या पायांनी, समोर जिवंत माणूस असताना, शंभरदा चुकून. त्या शंभर चुका करायला सामने लागतात, आणि इतके सामने घराजवळच मिळू शकतात.

आणि तीच मुलगी तीन आठवड्यांनी पुन्हा समोर आली तर आणखी गंमत. मागच्या वेळी तिनं डावीकडे झुकांडी दिली होती, हे तुमच्या लेकीला आठवतं. या वेळी ती डावीकडे दबा धरून राहते. समोरची उजवीकडून जाते. पुढच्या वेळी दोघीही नवीन काहीतरी घेऊन येतात. अनोळखी संघाविरुद्ध वर्षातून एकदा खेळून ही देवाणघेवाण होत नाही. भारताच्या महिला संघाचंच बघा. पंधरा जणींच्या रग्बीत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 2018मध्ये सिंगापूरशी झाला, त्यात हरलो. 2019मध्ये मनिलात पुन्हा सिंगापूरच समोर, आणि 21-19 असा भारताचा या प्रकारातला पहिला विजय. तीच तोंडं होती, ताई.

त्या काळातल्या संघातली स्वीटी कुमारी बिहारची. आधी धावपटू होती, मग रग्बीकडे वळली, आणि 2019मध्ये जगभरातल्या महिला रग्बीवर लिहिणाऱ्या 'स्क्रमक्वीन्स'नं तिला वर्षातली सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय युवा खेळाडू म्हणून निवडलं. तुमची लेक फुटबॉलमधून आली याची चिंता नको. पायांत वेग असलेल्या मुली या खेळात अशाच दुसरीकडून येतात.

एक मान्य करतो. तीच तोंडं आणि निकालही दर वेळी तोच, 45-0, हे मात्र वाया. जिंकणाऱ्या मुली आळशी होतात, हरणाऱ्या रविवारी पोट दुखतंय म्हणून सांगतात. यावर उपाय आहे, थोडा मानापमान गिळावा लागतो इतकंच. जोरदार शाळेचे दोन संघ करायचे आणि दोन्हींत बऱ्या-कच्च्या मुली सारख्या वाटायच्या, किंवा हाफटाइमला चार जणींची अदलाबदल. न्यूझीलंडमध्ये लहान मुलांचे गट बऱ्याच ठिकाणी वजनावरून पाडतात, म्हणजे चाळीस किलोच्या पोरावर सत्तर किलोचं पोर धावून येत नाही. आपल्याकडे तर वयाचा गटसुद्धा धड पाळत नाहीत. पंधरा वर्षांखालच्या स्पर्धेत मिशा फुटलेले गडी मी पाहिलेत, हातात जन्मदाखला, तोही लॅमिनेट केलेला! अशा ठिकाणी लेकीला उतरवू नका, ट्रॉफी कितीही मोठी असली तरी.

गोव्यात हे सगळं नवीन सांगावं लागतं याचंच मला नवल वाटतं. आपला फुटबॉल कुठून आला? भात कापून झालं की रिकाम्या शेतात वाड्यावाड्यांच्या टीमा उतरायच्या. पायाला धसकटं टोचायची, रेषा चुन्याच्या नाहीतर राखेच्या. वाड्यातून गावात, गावातून क्लबात, क्लबातून गोव्याच्या संघात. ताळगावचे ब्रह्मानंद संखवाळकर भारताचे गोलरक्षक आणि कर्णधार झाले, ते याच मातीतून. गोवा फुटबॉल संघटना 1959ची, पण तिच्याही आधीपासून शेतं होती. रग्बीला गोव्यात संघटना आहे, राज्याचा संघ आहे, 2023मध्ये 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाली त्यात रग्बी सेव्हन्सही होतं. वरचा मजला तयार आहे. खालची शेतं नाहीत.

"गोवा लहान, इथे काय होणार" असंही तुम्ही एका ओळीत लिहिलंय. फिजी नावाचा देश लोकसंख्येनं गोव्यापेक्षा लहान आहे, तिथे नऊ लाखांच्या आसपास माणसं, आपण 2011च्या जनगणनेतच साडेचौदा लाखांवर होतो. माड, समुद्र, पाऊस, सगळं आपल्यासारखंच. सेव्हन्स पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं 2016ला, रिओत. फिजीच्या पुरुषांनी अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला 43-7 हरवलं. त्या देशाचं ते कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक, आणि थेट सोनं. टोकियोत पुन्हा सोनं, मुलींना कांस्य. तिथे गावोगावी, शाळाशाळांत सेव्हन्सच्या स्पर्धा भरतात. पोरं चपला काढून ठेवतात आणि खेळायला लागतात.

स्पर्धा कशी रचलीय हेही बघायला हवं. आमच्या वेळी एका आंतरशालेय स्पर्धेला पहाटे साडेपाचला निघालो. दोन बस बदलून नऊला पोचलो, साडेअकराला सामना, पावणेबाराला बाद. चौदा मिनिटांचा खेळ, वडापाव, आणि परतीची बस. बाद पद्धतीत सगळ्यात कच्च्या मुलांना सगळ्यात कमी खेळ मिळतो, म्हणजे गरज ज्याला जास्त त्याचंच ताट आधी उचललं जातं. खरं तर सेव्हन्सची जुनी पद्धत याच्या उलट आहे. पहिल्या दिवशी गटात सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, मग वरच्यांचा कप, खालच्यांची प्लेट, त्याखालच्यांचा बाउल. बाउल जिंकलेला संघसुद्धा नाचत घरी जातो, आणि पाच-सहा सामने खेळून जातो.

दक्षिण आफ्रिकेत क्रेव्हन वीक म्हणून शाळकरी मुलांची प्रांतवार स्पर्धा 1964पासून भरते. त्यांचे कित्येक नामवंत खेळाडू तिथून गेले. पण तिथे औपचारिक फायनल नसते. आठवडाभर सगळे खेळतात आणि शेवटच्या दिवशीचा मानाचा सामना कोणी खेळायचा ते त्यांनी कसा खेळ केला यावरून ठरवतात. पोरं वेडी होतात तो सामना मिळावा म्हणून, तरी कोणी मंगळवारीच बॅग भरून घरी जात नाही.

उलटं उदाहरण आपल्याच देशातलं. कलकत्त्यात 1873मध्ये इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. पुढे एक पलटण हलली, उरलेले पोलो आणि टेनिसकडे वळले, खेळायला पुरेशी माणसं राहिली नाहीत. पाच वर्षांत क्लब मिटला. बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी एक कप केला आणि इंग्लंडला पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी भांडतात. कप सुरेख आहे, तीन नागांच्या मुठींचा आणि झाकणावर हत्ती. क्लब मात्र राहिला नाही.

तर अकादमी. मी अकादमीच्या विरोधात नाही. जेवण वेळेवर, व्यायाम शिस्तीत, शिकवणारा माणूस जाणकार, हे सगळं मोलाचं. पण पैसे भरण्याआधी फोन करून एवढंच विचारा की पंधरा वर्षांच्या मुलींना गेल्या वर्षभरात किती सामने मिळाले, कोणाशी, आणि सर्वात कमी खेळलेल्या मुलीला किती मिनिटं. "आमच्याकडे जिम आहे, परदेशी कोच येतात" असं उत्तर आलं तर समजा, विहिरीच्या काठावर बसवून पोहायला शिकवणार आहेत. उत्तर आकड्यांत आलं तर पुढचं बोलू, तेही दहावीनंतर. पंधराव्या वर्षी घर सोडून, दहावीचं वर्ष तोंडावर असताना, अडीच लाखांचं ओझं डोक्यावर घेऊन खेळणारी मुलगी चूक करायला घाबरते. आणि आत्ता तिचं काम चुका करणं हेच आहे.

पैशाचंही स्पष्ट बोलतो, कारण तुमच्या दिरांनी टीव्हीवर रग्बी प्रीमियर लीग पाहिली असणार. 2025च्या जूनमध्ये मुंबईत सहा शहरांच्या संघांची ती लीग झाली. चांगलीच गोष्ट आहे, पण ती पुरुषांची होती. रग्बीवर घर चालेल असा बेत आज कोणत्याही मुलीनं करू नये. खेळाच्या कोट्यातून कॉलेज, कदाचित वर्दीची नोकरी, इतकं शक्य आहे. त्यावरही आत्ताच नजर लावून बसू नका.

आता तुमच्या यजमानांचे दात. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नका. दातांना माउथगार्ड असतं, गरम पाण्यात बुडवून दातांवर दाबून बसवायचं. त्याच्याशिवाय सरावालाही उतरायचं नाही. मला खरी काळजी डोक्याची वाटते. टॅकल करताना, म्हणजे बॉलवालीला धरून पाडताना, आपलं डोकं समोरचीच्या मांडीच्या पुढे आलं की गुडघा बसतो. डोकं तिच्या पाठीच्या बाजूला, खांदा मांडीवर, हातांची मिठी घट्ट, असं शिकवतात, आणि आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग धावत. खांद्याच्या वर पकडणं हा फाउलच आहे. एकोणीसखालच्यांना स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून बॉलसाठी रेटतात त्यात, दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायला नियमानंच बंदी आहे, आणि सेव्हन्समध्ये स्क्रम तिघींचाच. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मूल बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, मग फायनल असो की पालकमंत्री आलेले असोत. उलटी झाली, झापड आली, तेच तेच विचारू लागली तर थेट इस्पितळ. यजमानांना एका रविवारी मैदानावर न्या. मार लागलेल्या मुलीला सर बाहेर बोलावतात की "काही नाही होत, खेळ" म्हणतात, हे त्यांना स्वतः पाहू दे. दुसरं दिसलं तर मीही म्हणेन, बंद करा.

आणि रविवार कुठला, तर हा. तुमच्या शाळेच्या सरांना माझं नाव सांगून म्हणा: वाळपई, सांखळी, डिचोली, फोंडा, जिथे जिथे मुली आहेत अशा चार शाळा गोळा करा. चवथ आटोपली, पाऊस ओसरला की महिन्यातला एक रविवार. प्रत्येक संघानं उरलेल्या तिघांशी एकेक सामना खेळायचा. म्हणजे संघाला दिवसाला तीन सामने, 42 मिनिटं. वर केलेला हिशोब आठवतो? कदंब बसच्या तिकिटात एक अख्खी राष्ट्रीय स्पर्धा. फेब्रुवारीपर्यंत असे पाच रविवार झाले तरी 210 मिनिटं. नियम एकच ठेवा: बाराही जणी दर सामन्यात किमान एक हाफ खेळणार. सात जागा, दोन हाफ, चौदा जणींना पुरेल इतका खेळ आहे, बारा जणींत सहज बसतो. वरच्या वर्गातल्या दोन मुलींच्या हाती शिट्टी द्या, रेफरीही असेच तयार होतात. हंगामाच्या शेवटी चेहरे बदलायचे असतील तर कोल्हापूर आहे, तिथेही मुली रग्बी खेळतात. राज्य संघटनेकडून जे मिळेल ते घ्या, बॉल, प्रमाणपत्रं, काहीही. त्यांची वाट बघत मात्र थांबू नका.

लेकीला एक वही द्या. दर रविवारी तिनं त्यात तीन गोष्टी लिहायच्या: किती मिनिटं खेळले, किती टॅकल लागले, किती सुटले. ट्राय (रेषेपलीकडे बॉल टेकवून गुण) कोणी केला, कोण जिंकलं, ते लिहिलं नाही तरी चालेल, ते तिला पाठ असेलच. तुम्ही ती वही मागून वाचू नका.

बाकी राहिले पोस्ट. रग्बीचे एच आकाराचे खांब विकत आणायची गरज नाही, फुटबॉलच्या गोलच्या दोन्ही खांबांना उंच बांबू बांधले की झालं. बांबू तुमच्या कुळागरात असतीलच. यजमानांना सांगा, चार चांगले सरळ बघून तोडा आणि उभे करायला स्वतः या. आणि खांबांना खालून माणसाच्या उंचीपर्यंत जुन्या गादीचा फोम गुंडाळून सुंभानं घट्ट बांधायचा, ट्राय करायला झेपावणाऱ्या मुलीचं लक्ष खांबाकडे नसतं.